‘२५ वर्षांचा अनुभव’ म्हणजे नेमका कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत फॅमिली डॉक्टरांचा परिचय देताना ‘२५ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’ एवढ्यावर भागवलं जातं. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

आधी नोंदणी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवरही हवा. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाच्या बीएएमएस पदवीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर होमिओपॅथीची परिषद वेगळी. मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण (चर्चासत्रं, कार्यशाळांना हजेरी लावून मिळणारे) लागतात. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अधिक वर्षभराची इंटर्नशिप. फॅमिली मेडिसिनमधलं डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण त्यापुढची ३ वर्षं. नावापुढची बाकीची अक्षरं बऱ्याचदा शनिवार-रविवारच्या कोर्सची असतात. त्यांना भुलू नये.

खरा प्रश्न आहे, काम कुठे केलं? प्राथमिक आरोग्य केंद्रामागे साधारण ३० हजार लोकसंख्या धरतात, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजार. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बाळंतपण, लसीकरण, साथ, शवविच्छेदन, कोर्टातली साक्ष, सगळंच अंगावर घ्यावं लागतं.

सर्पदंशाचंच घ्या. २ मिलि रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरपं करून पाहायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय पक्का होतो. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर धडधाकट माणसाचंही रक्त गोठत नाही आणि प्रतिविष उगाच टोचलं जातं. उलट मण्यार चावली तर रक्त व्यवस्थित गोठतं. तिथे जड झालेल्या पापण्या आणि अडखळता श्वास पाहावा लागतो. प्रतिविषाच्या ८-१० कुप्या लावताना रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. हे ज्याने वारंवार केलं आहे, त्याचा परिचय ‘जनरल प्रॅक्टिशनर’ या दोन शब्दांत उरकणं अन्यायाचं आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला, तोही ग्रामीण भागात काम करताना.

शहरातल्या २५ वर्षांना कमी लेखायचं नाही. पण तिथेही विचारावं की मधुमेहींचे तळपाय १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का हे पाहायच्या नायलॉनच्या धाग्याने) तपासले जातात का, रक्तदाब मोजताना जाड दंडाला मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) वापरतात का? लहान कफने रक्तदाब खोटाच वाढीव दिसतो आणि गोळी मात्र जन्माची मागे लागते.

तेव्हा यापुढे परिचयात नोंदणी क्रमांक, पदवीचं वर्ष, कोणत्या केंद्रात किती वर्षं आणि कोणतं काम, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात ही विनंती. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा