माळ्यावरच्यांनी कुठे जायचं?

संपादक महोदय,

'फुकटात घर मिळतंय तरी धारावीवाले रडतात' असं हल्ली कोणीही येता-जाता म्हणतं. १ जानेवारी २००० च्या आधीचं तळमजल्याचं घर असेल, तर पुनर्विकासात धारावीतच ३५० चौरस फूट फुकट, हे खरं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मात्र धारावीबाहेर ३०० चौरस फूट, आणि तेही हप्ते भरून.

मी नाईंटी फीट रोडच्या आतल्या गल्लीत, माळ्यावर राहते. खाली दीर-जाऊ, वर आम्ही. खोली सासऱ्यांची. दिराचं लग्न झालं, मग आमचं, तेव्हा पत्रा उचलून माळा काढला. आम्ही भाडोत्री नाही, फक्त चूल वेगळी. बाहेरून अकरा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे, त्यातली सातवी गंजून तुटलीय म्हणून तिथे फळी बांधलीय. सासूबाईंना दम लागला त्या रात्री त्यांना चादरीच्या झोळीत घालून याच शिडीवरून उतरवलं आणि सायन हॉस्पिटलला नेलं. तेव्हा मला ही शिडी सोडवत नाही असं कोणी समजू नये. लिफ्ट मलाही हवीय. सार्वजनिक संडासाची रांग तर उद्या सुटली तरी चालेल.

पण बाहेर म्हणजे नक्की कुठे? कधी मुलुंडच्या मिठागराचं नाव येतं, कधी देवनारच्या डम्पिंगचं. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. मी शर्टांचे धागे कापते. कारखान्यातला पोऱ्या खालून 'चाची' अशी हाक मारतो, मी दोरी सोडते, गठ्ठा वर ओढून घेते. संध्याकाळी माल तसाच खाली जातो. नगावर पैसे. तिकडे गठ्ठा घेऊन कोण येणार, आणि रिक्षाचं भाडं जाऊन माझ्या हातात काय राहणार?

सर्वेक्षणाची मुलं आली तेव्हा हेच विचारलं. 'ताई, ते वरून ठरेल,' म्हणाली. जागा कुठली, हप्ता किती, किती वर्षं, हे लेखी मिळेपर्यंत आमच्या गल्लीतल्या माळेवाल्या बायकांनी कागद द्यायचे नाहीत असं ठरवलंय. 'मग अपात्र ठराल' अशी भीती घालून झाली आहे.

आणखी एक. सासूबाई जेवतात खाली, झोपतात वर, कारण खाली जाऊबाईंची तीन मुलं. त्यांना कुठल्या मजल्यावर धरणार?

– एक माळेवाली, धारावी