अग्रलेख पान सहावर, एजंट पान चारवर

मा. संपादक,
स. न.

आपला अंक आमच्याकडे दुपारच्या एसटीने येतो, म्हणून हे पत्र एक दिवस उशिरा. आंतरराष्ट्रीय श्रममानकांवरचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे उत्तम. ‘भारताने सागरी श्रम करार २०१५ मध्येच स्वीकारला आहे’ हे वाक्य तर मी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही.

तिचा मुलगा गेल्या वर्षी शारजासमोर नांगरलेल्या बोटीवर सात महिने अडकला होता. पगार बंद. पुढे डिझेल संपलं, मग रात्री दिवाही नाही. त्या सागरी करारात खलाशांसाठी सगळं आहे हो! दोन महिन्यांचा पगार थकला की मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरायचं. विमा कंपनीने चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च द्यायचा. विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावायचं. तेही लावलेलं होतं. भाच्याने त्याचा फोटो पाठवला. मुदत संपून चौदा महिने झाले होते.

मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, बोट तिसऱ्याच्या पाण्यात. अशा वेळी खलाशाच्या आईने कुणाचं दार ठोठवायचं, एवढं अग्रलेखात आलं असतं तर बरं झालं असतं. बहीण रोज एजंटाला फोन लावायची. ‘ताई, फाइल वर गेलीय.’ शेवटी खलाशांच्या संघटनेने तिकीट काढून दिलं, तेव्हा पोरगा घरी आला. पगार अजून यायचाय.

याच करारात असंही आहे, की नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या एजंटाने साडेतीन लाख घेतले. पावती मात्र ‘ट्रेनिंग फी’ची.

आणि हा गृहस्थ आम्हाला भेटला कुठे? आपल्याच छोट्या जाहिरातींत. ‘दहावी पास/नापास, थेट बोटीवर, पगार डॉलरमध्ये.’ परवा अग्रलेख पान सहावर होता, ही जाहिरात पान चारवर. मजकूर तोच, मोबाइल नंबर तेवढा बदललाय.

यापुढे अशी जाहिरात घेताना नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांक छापायची अट घालाल का? एका ओळीचे पैसे जास्त पडतील, पण ते तो देईल. आमचेच आहेत त्याच्याकडे.

– एक निवृत्त शिक्षक, गुहागर