मास्तर, तुमचा आवाज चढतो

आदरणीय मास्तर,

सलाम.

परवाच्या रविवारी तुमची चोरी मी पकडली. दोन वर्षांनी चर्चमध्ये पाय ठेवला होता. मागच्या बाकावर, दाराला लागून बसले, म्हणजे नको वाटलं तर गुपचूप उठून जाता येईल. तुम्ही पेटीवर होता. गाणं काळी दोनच्या उंच पट्टीत सुरू झालं. शेवटच्या कडव्याला चाल वरच्या षड्जाच्याही पुढं जाते, तिथं पुढची पोरं चाचरली. तुम्ही मात्र मान किंचित वर केलीत आणि रोजच्या जिन्याची पायरी चढावी तसा तो सूर लावलात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! मी तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, मी रडतेय. मी हसत होते हो. मग खरंच रडले.

कारण पहिल्या गुरुवारी आमच्या घरी तुम्ही मला काय सांगितलं होतं? "माझाच आवाज चढत नाही हल्ली. वय झालं."

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही घडी घालून चष्म्याच्या डबीत टाकलं असतं आणि विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहीत नाही, तेवढी तुमची भीड आहे. नगरमध्ये लुनाला मागं पेटी बांधून हिंडणारे मास्तर किती असणार? कळायचं त्यांना कळेल.

2021च्या एप्रिलात हे गेले. पुनरुत्थानाचा सण होऊन पंधरा दिवस झाले होते. मी त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मातीला चार माणसं होती, अंगभर प्लास्टिकचे पांढरे पोशाख घातलेली, आणि त्यांतलं आमचं कुणीच नव्हतं. गाणं झालं नाही. आपल्यात माणूस गाण्याशिवाय मातीत जात नाही, मास्तर. गरिबातल्या गरिबामागं चार बायका तरी गात चालतात. ह्या माणसानं तीस वर्षं मंडळीतल्या एकूण एक मातीला टाळ धरला होता, आणि त्याच्या मातीला टाळ नव्हता.

त्या चार माणसांना मी दोष देत नाही. जिवावर उदार होऊन त्यांनी ते काम केलं. राग आहे तो नंतरच्या लोकांचा. एकानं फोनवर सांगितलं, देवाची योजना असते, आपण प्रश्न विचारायचे नसतात. एका बाहेरगावच्या उपदेशकानं तर घरात येऊन विचारलं, की कुटुंबात एखादं कबूल न केलेलं पाप आहे का. मी अजून नीट उभी राहू शकत नव्हते, नाहीतर दार दाखवलं असतं. ज्या गायन मंडळात मी वीस वर्षं गायले, त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. डोंगर, सूर्योदय, मागं गिटार. आठवडाभरानं कुणीतरी मला त्या ग्रुपमधूनच काढलं. बहुतेक वाटलं असेल, हिचा काय उपयोग आता. गिटारशी माझं भांडण नाही. पोरं चांगली वाजवतात. पण माणसाऐवजी व्हिडिओ पाठवायचा नसतो.

प्रार्थना बंद झाली होती. विश्वास उडाला होता, असंही म्हणता येणार नाही. देव आहे हे ठाऊक होतं, बोलायची इच्छा नव्हती. नवऱ्याशी अबोला धरतात तसं.

आणि पावसाळ्यात, एका गुरुवारी, तुम्ही आलात. बायबल उघडलं नाहीत, समजूत घातली नाहीत. पेटी सतरंजीवर ठेवलीत, ह्यांचा टाळ खुंटीवरून काढून माझ्या पुढ्यात ठेवलात, आणि सुरू केलंत. मी लहानपणापासून पाठ असलेलं गाणं. मी सवयीनं तोंड उघडलं आणि दुसऱ्या ओळीतच दम तुटला. फुप्फुसं अर्धीच राहिली होती. खोकल्याची ढास लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही थांबलात. भात्यावरचा हात काढलात, खिशातून रुमाल काढून घाम पुसलात. श्रावणात कसला घाम! आणि ते वाक्य बोललात. मग बोटं सरकवून पांढरी एकमध्ये धृपद पुन्हा धरलंत. दीड सूर खाली. माझ्या पायाशी आणून ठेवल्यासारखं. वर प्रत्येक ओळीनंतर पेटीवर दोन-दोन मात्रा जास्त भरत होता, मला श्वास घेता यावा म्हणून. ते मला खूप उशिरा कळलं. त्या दिवशी वाटलं होतं, मास्तरांचा ठेका खरंच म्हातारा झाला.

माझ्या कमीपणाचं ओझं तुम्ही स्वतःच्या गळ्यात घेतलंत, आणि ते इतकं सहज की मला आभार मानायचंही सुचलं नाही. परवापर्यंत.

पुढच्या गुरुवारांबद्दल सगळं लिहीत बसत नाही. तीन संध्याकाळी मात्र सांगायलाच हव्यात.

एकदा मी चिडून म्हटलं, नुसती धन्यवादाची गाणी नकोत, माझ्याच्यानं खोटं गायला होत नाही. तुम्ही म्हणालात, मग खरं गाऊ. आणि बायबलातलं स्तोत्र 88 काढलंत. मातीला आपण 23वं गातो, ते सगळ्यांना पाठ असतं. 88वं कुणी गात नाही. तुम्ही त्याला जोगिया रागात चाल लावली होती. त्यात माणूस रात्रंदिवस हाका मारतो, विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि त्याला उत्तर मिळत नाही. दीडशे स्तोत्रांमध्ये दुःखाची कितीतरी आहेत, पण बाकीची कुठंतरी वळण घेऊन आशेपाशी येतात. हे येत नाही. शेवट अंधारावरच होतो. गाऊन झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "हेही पवित्र शास्त्रातच आहे, बाई. कुणी फाडून टाकलं नाही." त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले. भांडलेच म्हणा. पण अबोला सुटला.

दुसऱ्यांदा, वल्हांडणाच्या, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या, त्या रात्रीचं. मार्कच्या चौदाव्या अध्यायातली ती ओळ मी शंभरदा वाचली असेल: भोजन झाल्यावर स्तोत्र गाऊन ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. ती मला नुसती वाट वाटायची, एका प्रसंगातून दुसऱ्यात जायची. तुम्ही विचारलंत, "पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असून प्रभू गायला. कोणत्या पट्टीत गायला असेल?" मी हसले होते. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्यासाठी मरणारा देव मी शिकून होते. मरणाच्या आदल्या रात्री चार मित्रांच्या सुरात सूर मिसळणारा, कदाचित कापऱ्या आवाजाचा, मला तोवर दिसला नव्हता. प्रवचनं कमी ऐकली नव्हती मी. त्यातून हा दिसला नाही.

तिसरी संध्याकाळ टिळकांची. तुमचा आवडता विषय, रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि त्यावर तुम्ही सुरू झालात की चहा गार होतो. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबले. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं, दीर्घाचं ऱ्हस्व, आणि खेड्यातल्या बाईची जीभ प्रत्येक ओळीला ठेचकाळायला लागली. मग 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या माणसानं अभंग, ओवी, कीर्तन असं सगळं आपलं सामान घेऊन प्रभूच्या दारात बिऱ्हाड थाटलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तुम्ही पेटीवर भजनी ठेका धरून मला म्हणालात, "ज्या चालीत आजी दळताना देवाला अरे-तुरे करायची, त्या चालीत प्रार्थना केली की देव परका राहत नाही." मला इंग्रजी चालीही आवडतात, काही तर फार. ह्यावर आपलं एकमत होणार नाही. पण आईच्या जात्याची घरघर मला त्या संध्याकाळी ऐकू आली, आणि तिच्या मांडीवर झोपून ऐकलेलं 'येशू' हे नाव त्या घरघरीतच होतं, हे खरं.

एक राहिलं. एप्रिलात, दुसऱ्या वर्षी, तुम्ही मला लुनावर मागं बसवून कब्रस्तानात नेलंत. पेटी मांडीवर घेऊन बसले होते, चौकातल्या लोकांनी वळून पाहिलं. तिथं राहून गेलेलं गाणं आपण दोघांनी म्हटलं. टाळ मी वाजवला, बेतालच वाजला. हे असते तर ओरडले असते.

तुमच्यासारखी माणसं मंडळीच्या कुठल्या अहवालात येत नाहीत. कमिटीत नसतात, फलकावर नाव नसतं, कुणाच्या घरात वीज गेली की मेणबत्ती घेऊन पोहोचलेली असतात. त्यांच्यावरच सगळं चाललेलं असतं, आणि त्यांना वाटतं आपण नुसती पेटी वाजवतो.

तर येत्या गुरुवारी या. भाता उजवीकडून हवा सोडतो म्हणत होता, तो दुरुस्त करून घ्या. पैसे मी देणार, वाद नको. साबुदाण्याची खिचडी करते, तुम्हाला आवडते म्हणून. आणि ह्या वेळी काळी दोनला लावा. डॉक्टर म्हणाले, श्वास बराच भरून आला आहे. जमेल असं वाटतं.

नाहीच जमलं, तर तुमचा आवाज चढत नाही म्हणा. मी विश्वास ठेवीन.

तुमची,
पांढरी एकमधली विद्यार्थिनी