प्रागला निघालेल्या मित्रास

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून रशियन शिकून तू आता प्रागला स्लाव्ह भाषांच्या अभ्यासाला चालला आहेस. रशियनचा आधार होईल, पण सुरुवातीला तीच आडवीही येईल. पावावर ‘चेर्स्त्वी’ दिसलं तर बिनधास्त घे. चेकमध्ये त्याचा अर्थ ताजा. रशियन ‘च्योर्स्त्वी’ म्हणजे मात्र शिळा. ‘पोझोर’ची पाटी सावधान म्हणते, रशियनमध्ये तोच शब्द म्हणजे नामुष्की. अशा जोड्यांची वेगळी वही कर. रशियन आघात शब्दात कुठेही पडतो, चेक कायम पहिल्या अक्षरावर. विभक्त्या सहाच्या सात होतील, संबोधन वाढेल.

खरी गोम आहे ती प्राचीन स्लाव्होनिकमध्ये, म्हणजे स्लाव्हांच्या सगळ्यात जुन्या लिखित भाषेत. मुलं आधी रूपावल्या घोकतात आणि मग त्यांना सगळीच रूपं अपवाद वाटायला लागतात. तू आधी ‘येर’ समजून घे. येर म्हणजे अतिऱ्हस्व इ आणि उ. शब्दाच्या शेवटाकडून मोजत यायचं: पहिला येर दुबळा, त्याच्या आधीचा सबळ, त्याच्या आधीचा पुन्हा दुबळा. मध्ये पूर्ण स्वर आला की मोजणी नव्याने. दुबळा गळतो, सबळाचा पूर्ण स्वर होतो. कुत्र्याचा जुना शब्द घे, ‘पिसु’. यात दोन्ही येर. शेवटचा गळला, आधीचा सबळ झाला, म्हणून चेक ‘पेस’. षष्ठीत ‘पिसा’, शेवटी पूर्ण आ, म्हणून इ दुबळी, ती गळून ‘प्सा’. आपण ‘माणूस’ म्हणतो, पण ‘माणसाला’ म्हणताना ण आणि स यांच्यामधला स्वर बोलतच नाही. कारण वेगळं असलं तरी कानाला ही चाल ओळखीची वाटेल.

जुन्या स्लाव्ह शब्दांत क चा त्स कुठे होतो तेही पक्कं कर (त्स म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च). रशियातल्या नोव्गोरोद या जुन्या शहरात १९५१ पासून भूर्जपत्रं सापडताहेत. त्यातल्या अकराव्या शतकातल्या २४७ क्रमांकाच्या पत्रात ‘केले’ असा शब्द आहे. आधी तो ‘मठातली खोली’ असा वाचला गेला. रशियन भाषाशास्त्रज्ञ ज़ालिझ्न्याक यांनी दाखवलं की तो इतर स्लाव्ह बोलींतला ‘त्सेलु’, म्हणजे शाबूत: कुलूप शाबूत, दारं शाबूत. नोव्गोरोदच्या बोलीत त्या जागी क चा त्स झालाच नव्हता! किती सुंदर आहे हे.

निघण्याआधी पन्नास शब्द तीन रकान्यांत मांड: प्राचीन स्लाव्होनिक, रशियन, चेक. प्रत्येकातले येर पेन्सिलीने खुणेने दाखव. जिथे मोजणी जुळणार नाही, ते शब्द मला लिहून पाठव.

तुझा,
सुहास