रंगखात्यातल्या मास्तरांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय मास्तर,

सादर नमस्कार.

भिवंडीच्या प्रोसेस हाउसमधून, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यातून, रंगवण्याआधी कापड साफ करणाऱ्या आमच्या एन्झाइमची नियमित ऑर्डर सुरू झाली, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. तेव्हापासून अभिनंदनाचे निरोप येत आहेत. प्रत्येकजण आमची गोष्ट एकाच पद्धतीनं सांगतो: कॉलेजच्या लॅबमध्ये कल्पना सुचली, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये जागा मिळाली, अनुदान मिळालं, पेटंटचा अर्ज गेला आणि कंपनी उभी राहिली. यातलं काही खोटं नाही. पण या गोष्टीत तुम्ही कुठंच नाही, आणि तुमच्याशिवाय ती ऑर्डर आली नसती. नाव छापायला तुमचा नकार आहे, म्हणून नुसतं मास्तर लिहिते. तुम्ही केलंत ते मात्र चारचौघांत सांगायलाच हवं.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगते. मागावरून उतरलेलं कोरं सुती कापड पाणी पीत नाही. कापसाच्या तंतूवर मेण आणि पेक्टिन या चिकट पदार्थाचा थर असतो, तो निघाल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. वर्षानुवर्षं हे काम कॉस्टिक सोडा करत आला आहे. कापड कॉस्टिकमध्ये जवळजवळ उकळत्या पाण्यात शिजवायचं, मग ॲसिड देऊन खार मारायचा, मग धुवत राहायचं. वाफ जाते, पाणी जातं आणि सगळा खारा निचरा सांडपाण्यात उतरतो. आमचं पेक्टेट लायेज नावाचं एन्झाइम पंचावन्न अंशांच्या आसपास पेक्टिन तोडतं आणि त्याला कॉस्टिक लागत नाही. लॅबमध्ये थेंबाची परीक्षा उत्तम यायची. कापडावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच पसरून नाहीसा.

कारखान्याच्या शेडमध्ये तोच थेंब मोत्यासारखा कापडावर बसून राहिला. आम्ही डोस वाढवला, वेळ वाढवली, पीएच पुन्हा पुन्हा मोजला. एन्झाइम जिवंत असल्याचं लॅब सांगत होती आणि कापड कोरंच असल्याचं शेड सांगत होती. त्या अडचणीच्या दिवसांत तपासणीच्या लॅबमधल्या एका टेक्निशियननं तुमचा नंबर दिला. तुम्ही आलात. मशीनला हात लावला नाहीत, आमचे आलेखही पाहिले नाहीत. ज्या पोराकडं डोसिंगचं, म्हणजे मशीनमध्ये रसायनं सोडायचं, काम होतं त्याला एवढंच विचारलंत, "आधी काय सोडतोस?"

त्यानं सांगितलं, सिक्वेस्टरिंग. टँकरचं पाणी जड असतं, म्हणून त्यातलं कॅल्शियम बांधून टाकणारं रसायन प्रत्येक लॉटला सर्वात आधी सोडायचं, हा तिथला रिवाज. कॉस्टिकच्या पद्धतीत तो अगदी बरोबर आहे. पण आमच्या एन्झाइमला काम करायला कॅल्शियमच लागतं. ही माहिती आमच्या लॅबच्या वहीत पहिल्या पानावर होती. सिक्वेस्टरिंग आधी पडतं, ही माहिती शेडमधल्या प्रत्येकाच्या हातात होती. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या डोक्यात एकाच वेळी आल्या त्या तुमच्या प्रश्नामुळं. "मग तेच मागून सोडा की," असं म्हणून तुम्ही पुढचंही सांगितलंत: एन्झाइमचं काम झालं की पाणी ऐंशीच्या वर न्या, सिक्वेस्टरिंग आणि साबण तेव्हा द्या, कारण पंचावन्नला मेण वितळत नाही. कापसाचं मेण साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या दरम्यान वितळतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तुम्ही ते तव्यावरचं तूप पाहिल्यासारखं पाहिलेलं होतं.

मास्तर, हा क्रम काही जगात नवा नाही. एन्झाइम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तो सापडतो. त्यावर पेटंट मिळणार नाही, शोधनिबंध निघणार नाही, कुठल्या अहवालात आकडा वाढणार नाही. तरीही आमची कंपनी त्याच दुपारी खऱ्या अर्थानं सुरू झाली, असं मी मानते.

नव्या कंपन्या कशा जन्मतात याचा अभ्यास करणारे लोक आहेत. ख्रिस्तोफर फ्रीमन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९८७ मध्ये जपानवर लिहिताना 'राष्ट्रीय नवोन्मेष व्यवस्था' ही कल्पना पुढं आणली. विद्यापीठं, उद्योग, सरकार, प्रशिक्षण यांचं आपसांत किती देणंघेणं आहे, यावर देशाची नवं करण्याची ताकद ठरते, असा तिचा गाभा. पुढं डेन्मार्कच्या लुंडवाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कंपन्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शिकण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत: एक विज्ञानाचा, लिहून ठेवता येणारा, दुसरा करून, वापरून आणि एकमेकांशी बोलून शिकण्याचा. ज्या कंपन्यांत दोन्ही होते त्या नवं उत्पादन आणण्यात बऱ्याच पुढं होत्या. हे वाचताना मला तुम्हीच दिसत होतात.

आपल्या मुंबईला हे दोन्ही मार्ग नवे नाहीत. माटुंग्यात चालत जाण्याइतक्या अंतरात पाहा. १८८७ ची व्हीजेटीआय, गिरण्यांना तंत्रज्ञ हवेत म्हणून निघालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली. १९२४ ची कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा, आजची सिरकॉट. तिचा खर्च कापसावर बसवलेल्या उपकरातून चालायचा, म्हणजे गाठी विकल्या-वापरल्या जायच्या आणि त्याच पैशातून कुठल्या वाणाचं सूत कसं निघतं याची परीक्षा व्हायची. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आमची यूडीसीटी, आजची आयसीटी. तिथं सुरुवातीच्या विषयांत वस्त्र रसायनशास्त्र होतं. पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन रंगांचे मोठे रसायनतज्ज्ञ होते. मग १९५४ मध्ये वस्त्रोद्योगानं पुढाकार घेऊन घाटकोपरला बीट्रा ही संशोधन संस्था उभी केली. गिरणगावचा कापूस नसता तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं, आणि या संस्था नसत्या तर अंबरनाथ-डोंबिवली-तारापूर पट्ट्यात रंग आणि रसायनांचे एवढे छोटे कारखाने निघाले नसते. गिरणीला अडचण यायची, प्रश्न माटुंग्याला जायचा, उत्तर घेऊन एखादा पदवीधर यायचा, आणि त्यातलाच कुणीतरी काही वर्षांनी स्वतःचं शेड टाकायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही गिरणीच्या रंगखात्यात उमेदवारी करत होतात. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. घरांचं काय झालं ते तुम्ही मला सांगितलं आहे, ते इथं लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लिहिते, कारण ती फार कमी बोलली जाते. गिरण्या बंद झाल्या तेव्हा साचे, म्हणजे माग, भंगारात गेले, जमिनींवर मॉल आणि ऑफिसं आली, पण रंगखात्यातलं ज्ञान तुमच्यासारख्यांच्या डोक्यातून आणि हातांतून भिवंडीला, डोंबिवलीला गेलं. त्याची नोंद कुणी ठेवली नाही. आज सरकारी तक्त्यात ते ज्ञान कुठल्याच रकान्यात नाही, आणि आम्ही मात्र त्याच्याच जोरावर नवं म्हणून काही विकतो आहोत.

नव्या कंपन्यांसाठी सोयी वाढल्या आहेत, हेही खरं. पवईला आयआयटीत २००४ पासून 'साइन' इन्क्युबेटर आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच मोठी झाली. २०१६ पासून स्टार्टअप इंडिया आहे. स्टार्टअपनं पेटंटचा ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. आमच्यासारख्या तिघांच्या कंपनीला हा फरक जाणवतो.

पण इन्क्युबेटरच्या मार्गदर्शकांच्या यादीत मला गुंतवणूकदार भेटले, प्राध्यापक भेटले, वकील भेटले. ज्यानं आयुष्यभर जिगर आणि सॉफ्ट फ्लो या कापड रंगवायच्या मशीनवर काम केलं असा एकही माणूस भेटला नाही. लॅबमध्ये आम्ही एका ग्रॅम कापडाला वीस-तीस ग्रॅम पाणी घेतो, मशीनमध्ये ते सहा-आठ असतं; लॅबमध्ये कापडाचा तुकडा सरळ असतो, मशीनमध्ये ते दोरासारखं पिळून धावतं. हे समजावणारा माणूस पहिल्या दिवसापासून शेजारी बसला, तर किती कंपन्यांचे किती महिने वाचतील! मुंबईतल्या प्रत्येक इन्क्युबेटरनं निवृत्त मास्तरांना, फोरमनना, लॅब टेक्निशियनना मानधन देऊन बोलवावं, असं मला मनापासून वाटतं. मानधन हा शब्द मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही माझ्याकडून रिक्षाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, पण तुमच्या मोठेपणावर व्यवस्था चालवणं बरोबर नाही.

आणखीही खूप शिकवलंत. वाफेच्या आवाजावरून व्हॉल्व्ह ओळखायला. ओल्या कापडाचा वास घ्यायला. लॉट बिघडला की आधी पाणी कुठून आलं ते विचारायला. डोसिंगच्या पोराचं नाव लक्षात ठेवायला. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आता आमच्या प्रत्येक ट्रायलच्या अहवालात त्या पाळीच्या कामगारांची निरीक्षणं त्यांच्या शब्दांत लिहिली जातात, आणि हिशेबाच्या वहीत 'मास्तर मानधन' असं खातं उघडलं आहे. पहिलं नाव तुमचं आहे. या वेळी नाही म्हणू नका.

मास्तर, तुमचे मनापासून आभार. काकूंनाही सांगा, त्या दिवशी तुम्हाला घरी पोचायला रात्र झाली ती आमच्यामुळं.

पुढच्या ट्रायलचं कापड कापूस आणि व्हिस्कोजच्या मिश्रणाचं आहे. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद उतरते, त्यामुळं मशीनचा वेग किती ठेवायचा ते तुम्हालाच विचारायचं आहे. रविवारी सकाळी लालबागला येते. घरी असाल ना?

आपली नम्र,
माटुंग्यात शिकलेली तुमची विद्यार्थिनी
मुंबई