डायलच्या डाव्या टोकाला

जर्सी सिटी,
८ नोव्हेंबर

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

ॲप तीच ती गाणी पुन्हा पुन्हा वाढतं, ही तुझी तक्रार पोचली. तू काल जे ऐकलंस त्याच्याच आसपासचं ते आज पुढे करतं, दुसरं करणार तरी काय? इथला जाहिरातींवर चालणारा रेडिओही त्याच जातीचा. एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं बाळगायची यावरची मर्यादा १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं उठवली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे बाराशेवर स्टेशनं गेली. मग गाव कुठलंही असो, गाणी तीच.

वेगळं ऐकायचं तर काटा डायलच्या डाव्या टोकाला न्यायचा. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा इथं बिगर-व्यापारी स्टेशनांसाठी राखीव आहे. ८८.३ वर नेवार्कचं जॅझ, ८९.९ वर कोलंबिया विद्यापीठ. ८९.५ वर सीटन हॉल हे कॅथलिक विद्यापीठ, आणि तिथून लागतं कानठळ्या बसवणारं हेवी मेटल! पण तू सुरुवात कर ९१.१ च्या डब्ल्यूएफएमयूपासून. १९५८ साली अप्साला कॉलेजात हे स्टेशन सुरू झालं, १९९५ ला कॉलेज बंद पडलं, स्टेशन मात्र टिकलं. १९९८ पासून ते आमच्या जर्सी सिटीत आहे. पैसा श्रोत्यांच्या देणग्यांचा, डीजे बहुतेक बिनपगारी, आणि काय लावायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

तुला तिथून ते इंटरनेटवरच ऐकावं लागेल. १२८ केबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला साधारण ५८ एमबी जातात, म्हणजे मोबाइल डेटावरही परवडतं. थेट ऐकायचा हट्ट मात्र नको. आपल्याकडची घड्याळं सरकत नाहीत, इथली वर्षातून दोनदा सरकतात. गेल्या रविवारी ती मागे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेदहा तासांचा फरक आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तो साडेनऊ होईल. नेमके तेव्हाच लोक तासभर उशिरा येतात आणि कार्यक्रम बंद झाला समजून ऐकणं सोडून देतात.

त्यापेक्षा डब्ल्यूएफएमयूच्या साइटवर कार्यक्रमाची प्लेलिस्ट उघड. ओळीगणिक कलाकार, गाणं, अल्बम, बऱ्याचदा लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) आणि सालही असतं, आणि शेजारी वेळ. त्या वेळेवर टिचकी मारली की ध्वनिमुद्रण तिथूनच सुरू होतं. वेळ थोडी मागेपुढे निघते, म्हणून अर्धा मिनिट आधीपासून ऐक. गाणं ओळखणाऱ्या ॲपवर इथं विसंबू नकोस. डीजे बोलताना मागे संगीत चालू असतं, कधी रेकॉर्डचा वेग बदललेला असतो, कधी ती रेकॉर्ड कुणी डिजिटल केलेलीच नसते. ॲप गप्प बसतं किंवा ठासून चुकीचं नाव सांगतं.

आवडलेल्या गाण्यांची एक वही कर आणि तीत गाण्याच्या नावाआधी लेबलचं नाव लिही. खरी किल्ली तीच. छोटं लेबल म्हणजे एक-दोन माणसांची आवड. त्यांचं एक गाणं पटलं तर बाकीच्यांतली दोन-तीन तरी पटतातच. डीजेचंही तसंच. सगळं स्टेशन ऐकत बसू नकोस, एक माणूस धर आणि त्याचे सलग चार कार्यक्रम ऐक. पहिला बहुधा डोक्यावरून जाईल. तिसऱ्यापर्यंत त्याचा कान कुठं लागलाय ते कळायला लागतं.

मग लेबलचं नाव बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर शोध. बहुतेक गाणी विकत घेण्याआधी पूर्ण ऐकता येतात. घेतलंस तर उतरवताना एफएलएसी हा आवाजात काटछाट न करणारा फाइलचा प्रकार निवड. त्यापासून एमपी३ कधीही करता येते, उलट केलं तर फाइल नुसतीच फुगते, आवाज सुधारत नाही. एरवी डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं, वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी, म्हणजे बँडकॅम्प फ्रायडेला, तो वाटा सोडतं. तो दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळानं धरतात. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी दुपारी दीडनंतर, उन्हाळ्यात साडेबारानंतर. सकाळीच घाई केलीस तर नेहमीचा वाटा कापला जाईल.

कोलंबियाच्या ८९.९ वर सोमवार ते शुक्रवार सकाळी ८.२० ला ‘बर्ड फ्लाइट’ लागतं, निव्वळ जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. तुझ्याकडे आता ते संध्याकाळी ६.५० ला. फिल शाप यांनी कित्येक वर्षं तो चालवला. ते २०२१ मध्ये गेले. एकाच गाण्याचे चार टेक, म्हणजे स्टुडिओत पुन्हा पुन्हा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं, लागोपाठ लावून कुठला का टाकून दिला यावर ते इतकं बोलत की गाणं राहायचं बाजूला. काहींना कंटाळा येतो. एकच बंदिश चार गायकांकडून ऐकून ताडून बघणाऱ्या दादाला मात्र तो कार्यक्रम नक्की लावून दे.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव. लेबलचा रकाना रिकामा दिसला तर रागावेन.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या