व्हेन्व्हचा फोल्डर हलवल्यावर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टचा फोल्डर आतल्या व्हेन्व्हसकट दुसरीकडे हलवलास आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन, 'बॅड इंटरप्रिटर' म्हणू लागलं. पायथन बिघडलेलं नाही. ते पुन्हा इन्स्टॉल करत बसू नकोस.

व्हेन्व्ह, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजेस, तयार होतानाच आपला पूर्ण पत्ता जागोजागी लिहून ठेवतं. त्याच्या बिन फोल्डरमधली पिपची फाइल एडिटरमध्ये उघड. पहिल्याच ओळीत, हॅश आणि उद्गारचिन्हाच्या पुढे, जुनी जागा दिसेल. तिथे आता काहीच नाही, म्हणून ती एरर. व्हेन्व्ह चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेट फाइलमध्येही तोच पत्ता असतो आणि तो जास्त फसवा. प्रॉम्प्टला एन्व्हायर्नमेंटचं नाव लागतं, सगळं ठीक वाटतं. पण पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, सर्वांत पुढे अस्तित्वातच नसलेला फोल्डर बसतो आणि चालतं ते सिस्टिमचं पायथन.

हलवण्याऐवजी कॉपी केलंस तर आणखी घोळ होतो. नव्या बिनमधलं पिप जुनंच पायथन उचलतं आणि पॅकेज निमूटपणे जुन्या फोल्डरमध्ये टाकतं. एरर येतच नाही. मग नव्या बिनमधल्या पायथनने इम्पोर्ट करायला गेलं की 'मॉड्यूल नॉट फाउंड'.

सेड ही मजकूर बदलणारी कमांड लावून सगळे पत्ते बदलता येतात, पण तो मार्ग मला पटत नाही. एखादी फाइल हमखास राहते, आणि विंडोजवर पत्ता पिपच्या एक्सई फाइलमध्ये असतो, तो असा बदलता येत नाही. व्हेन्व्ह हलवायची वस्तूच नाही, पुन्हा बनवायची आहे.

आधी नवं टर्मिनल उघड, जुना पाथ त्यात नको. हलवलेल्या बिनमधलं पायथन अजून चालतं, कारण ती सिस्टिमच्या पायथनकडे जाणारी सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा, आहे. ते थेट चालव, डॅश एम लावून पिप फ्रीझ दे आणि त्यातून येणारी पॅकेजेसची यादी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये घे. ती फाइल डोळ्यांखालून घाल: डॅश ई ने सुरू होणाऱ्या किंवा डिस्कवरचा पत्ता असलेल्या ओळी हाताने दुरुस्त कर. मगच व्हेन्व्हचा फोल्डर पुसून त्याच नावाने नवा बनव आणि त्यातल्याच पिपने इन्स्टॉल करताना डॅश आर लावून ती फाइल दे. तुझा कोड व्हेन्व्हच्या आत ठेवलेला नाही ना, हे पुसण्याआधी बघ.

शेवटी नव्या व्हेन्व्हच्या पायथनमध्ये सिस डॉट प्रीफिक्स छापून बघ. नवी जागा दिसली की झालं. एडिटरमध्ये इंटरप्रिटर मात्र पुन्हा निवडावा लागेल.

तुझी आई